बाबांचा फोटो, नवव्या मजल्यावरून

२ नोव्हेंबर, रविवार

दामामामांच्या दहाव्याला घणसोलीला जाऊन आलो. नाक्यावर त्यांचा श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागलाय. चांगला ऐसपैस. पण फोटो रेशनकार्डावरून उचललेला, तोही फॅमिली फोटोतून कापलेला. त्यामुळे मामांच्या खांद्याशी मामीचा अर्धा कान राहिलाय. हयातभर रुबाबात फिरलेला माणूस, शेवटी नाक्यावर दुसऱ्याचा कान घेऊन उभा. लोक हात जोडत होते आणि कानाकडे बघत होते.

येताना रिक्षात विचार केला. आपले बाबा चौऱ्याऐंशी वर्षांचे. देव त्यांना शंभर करो. पण तयारी असलेली बरी. क्वालिटी डिपार्टमेंटमध्ये उभी नोकरी काढली, आयत्या वेळी पळापळ करणारी माणसं मला आवडत नाहीत.

अडचण अशी की बाबांचा धड एक फोटो नाही. मोबाईल समोर धरला की तोंड फिरवतात. म्हणतात, फोटू काढला का मानूस भिंतीवर गेला. आईच्या वेळी तसं झालं होतं, असं त्यांचं म्हणणं. आई गेली मलेरियाने. फोटोचा काय संबंध.

संकल्प: कॅमेरा घ्यायचा. छोटा, खिशात मावेल असा, पण झूम लांबचा. आमची बाल्कनी नवव्या मजल्यावर. खाली रस्ता, रस्त्यापलीकडे गावठाण, त्यापुढे खाडीचा बांध. बाबा रोज संध्याकाळी बांधावरच्या दगडावर येऊन बसतात. आपण इथे, ते तिथे. त्यांना पत्ता लागणार नाही.

अरुणा म्हणाली, त्यापेक्षा खाली उतरा आणि समोर जाऊन काढा. बायकोला फोटोग्राफीतलं काही कळत नाही.

४ नोव्हेंबर

अभ्यास सुरू. झूम दोन प्रकारचा. ऑप्टिकल खरा, डिजिटल खोटा. डिजिटलमध्ये माणूस जवळ आल्यासारखा वाटतो, प्रत्यक्षात नुसता फुगवलेला असतो. बऱ्याच नात्यांचं तसंच असतं. (हे वाक्य चांगलं आहे. कुठेतरी वापरावं.)

तीस एक्स पुरेल का चाळीस? मॅपवर हवाई अंतर मोजलं, साडेतीनशे मीटर. विचार करून ठरवायचं. घाई नाही.

६ नोव्हेंबर

महाप्याच्या ऑफिसात माझ्या बाजूच्या टेबलाला बासित बसतो. जासईहून बाईकने येतो आणि रविवारी पक्ष्यांचे फोटो काढत खाडीकिनारी हिंडतो. त्याला सहज विचारलं. घरचं ऑफिसात आणायचं नाही हा माझा नियम, म्हणून सांगितलं की फ्लेमिंगो काढायचेत.

तो खूश. विचारू लागला, थवा किती, उडताना काढायचे का बसलेले. म्हटलं, एकच आहे. रोज त्याच दगडावर बसतो. जागचा हलत नाही. तापट आहे. जवळ गेलेलं चालत नाही.

बासित म्हणाला, अरे, मग फ्लेमिंगो नाय तो. बगळा असेल म्हातारा.

९ नोव्हेंबर, रविवार

उन्नतीने जेवताना विचारलं, तुम्ही आणि आजोबा बोलत का नाही. मुलगी कॉलेजला गेली की तिला घरच्यांचा इंटरव्ह्यू घ्यावासा वाटतो.

आमचं बोलणं आहे. फक्त सध्या चालू नाही.

एकदा नीट लिहून ठेवतो, म्हणजे मनात गोंधळ नको. दोन वर्षांपूर्वी या फ्लॅटची वास्तुशांत. पूजा चालू. आमचे जीएम आलेले, सोसायटीचे चेअरमन आलेले, दोघंही कांदासुद्धा न खाणारे. तेवढ्यात बाबा लिफ्टमधून टोपलीभर निवट्या घेऊन बाहेर आले. खाडीच्या चिखलातली मासळी, जिवंत. टोपलीतून टणाटण उड्या मारतायत, लॉबीच्या टाइल्सवर चिखल. लहानपणी मला आवडायच्या म्हणून पहाटे ओहोटीला जाऊन पकडल्या होत्या म्हणे, त्या वयात. कोणी सांगितलं होतं? मी एवढंच म्हटलं, ती टोपली खाली वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवा. मी टोपलीबद्दल बोललो होतो. बाबा टोपलीबरोबर खाली गेले आणि केबिनमध्येच बसले. जेवणाच्या पंगतीला शोधायला माणूस पाठवला तर निघून गेलेले.

आता यात माझं काय चुकलं? सरळसरळ गैरसमज. आणि गैरसमज ज्याचा त्याने दूर करायचा. मी वाट बघतोय. राग त्यांचा आहे, माझा नाही.

१५ नोव्हेंबर

घेतला! तीस एक्स. वाशीच्या दुकानातून. एवढासा आहे, शर्टाच्या खिशात बसतो. बटण दाबलं की गोगलगाईसारखं नाक बाहेर काढतो.

अरुणाने विचारलं, एवढं कौतुक कोणाचं. म्हटलं, टेक्नॉलॉजीचं.

१६ नोव्हेंबर, रविवार

पहिलं शूटिंग.

बाबा आले. दगडावर बसले. पूर्ण झूम केला. स्क्रीनवर बाबा तांदळाच्या दाण्याएवढे. कॉम्प्युटरवर मोठं करून बघितलं. बाबा असू शकतात. जाळ्याचं गाठोडंही असू शकतं.

एक गोष्ट लक्षात आली. बाबा खाडीकडे पाठ करून बसतात. ज्या माणसाने सगळा जन्म खाडीकडे तोंड करून काढला, भरती बघून जेवला, ओहोटी बघून उठला, तो आता टॉवरकडे तोंड करून बसतो. वय झालं की असं होतं, दिशेचं भान जातं. धाकट्याने, कुंदनने, लक्ष द्यायला हवं. बाबांजवळ तोच राहतो.

२३ नोव्हेंबर

आठवडाभर प्रयत्न. दोष माझा नाही, कॅमेऱ्याचा स्टॅबिलायझर कमी पडतो. झूम केलं की चित्र थरथरतं. उन्नती म्हणाली, चित्र नाही, तुमचा हात थरथरतोय. कुंडीवर कोपर टेकवून काढले, तरी थरथर. कुंडीसुद्धा हलत असावी. बिल्डरचं बांधकाम कच्चं.

निष्कर्ष: तीस एक्स घेण्याचा सल्ला चुकीचा होता. कोणी दिला होता ते आठवत नाही. चाळीस घ्यायला हवा होता.

२९ नोव्हेंबर

दुकानदाराने कुरकुर करत बदलून दिला. आता चाळीस एक्स. शिवाय डोळा लावून बघायचा व्ह्यूफाइंडर. डोळा लावला की आजूबाजूचं काही दिसत नाही, फक्त समोरचं. हेच हवं होतं. पूर्वीच घेतला असता तर एव्हाना फ्रेमसुद्धा झाली असती.

पुढच्या रविवारी काम फत्ते. मग फोटो घेऊन स्वतः गावठाणात जाईन. बाबांना दाखवीन. त्यांना समजेल की पोरगा किती विचार करतो.

७ डिसेंबर, रविवार

बाबा दिसले! चेहरा, मिशी, गळ्यातला टॉवेल. बारीक झालेत. मान जराशी पुढे आलीय. मी बराच वेळ नुसतंच बघत राहिलो, बटण दाबायचं विसरलो. हे बरोबर नाही. कामात भावना आणू नयेत.

मग भरपूर काढले. एकही उपयोगाचा नाही. चेहरा काळा, आणि प्रत्येक फोटोत हात मध्ये. उजवा हात वर, पंजा उघडा. मी बटण दाबायला आणि त्यांनी हात वर करायला एकच गाठ. ऊन डोळ्यावर येत असावं.

उन्नती मागून बघत होती. म्हणाली, पण ऊन आजोबांच्या पाठीमागे आहे, म्हणून तर चेहरा काळा आलाय. तिला म्हटलं, जा अभ्यास कर.

१० डिसेंबर

हाताचा छडा लागत नाही. माश्या वारत असतील. खाडीवर माश्या, डास फार. बाबांना डासांची कॉइल पाठवावी का? कोणाबरोबर पाठवणार.

१५ डिसेंबर

काल पुन्हा हात. हात वर, खाली, वर. पंजा आपल्याकडे वळवलेला. बासितला एक फोटो दाखवला, बाबांचा आहे हे न सांगता. तो म्हणाला, शिवा, हा बगळा तर माणूस निघाला. मग जरा वेळाने म्हणाला, हा चाचा कोणाला तरी बोलवतोय रे. म्हटलं, नाही, डास. तो म्हणाला, माझे अब्बा गच्चीवरून असंच बोलवायचे जेवायला.

बासित चांगला माणूस आहे पण विषय सोडून बोलतो.

१९ डिसेंबर

नवा प्रॉब्लेम. दिवाळीचा कंदील. बाल्कनीत अजून लटकतोय. टायमर लावलेला असल्याने अंधार पडायच्या आधीच लागतो आणि नेमका लेन्सवर त्याचा लाल डाग पडतो. अरुणा दिवाळीपासून उतरवा उतरवा म्हणतेय. या अख्ख्या बिल्डिंगमध्ये आपलाच राहिलाय, लोक हसतात, म्हणते. पण स्टूल कोणी आणायचं आणि वर कोणी चढायचं? बल्ब तेवढा काढून ठेवला. डाग गेला. साधा उपाय, पण सुचावा लागतो.

२१ डिसेंबर, रविवार

सगळी तयारी चोख. अरुणा दिघ्याला बहिणीकडे, उन्नती बाहेर. कुरिअरवाले सारखे डिस्टर्ब करतात म्हणून इंटरकॉमचा रिसीव्हर काढून ठेवला, मोबाईल सायलेंट. स्टँड लावला. उजेड छान, आभाळ ढगाळ, म्हणजे चेहरा काळा येणार नाही. पंधरा दिवसांत असा उजेड मिळाला नव्हता.

आणि बाबा आलेच नाहीत.

डोळा लावून बसून राहिलो. दगड रिकामा. शिस्त म्हणून नाही या माणसाला. रोज येणार आणि नेमक्या आजच्या दिवशी गैरहजर. माणसाने एखाद्यासाठी किती करावं?

२२ डिसेंबर

सकाळी ऑफिसला निघताना वॉचमनने थांबवलं. म्हणाला, साहेब, काल तुमचे वडील आले होते. संध्याकाळी. खूप वेळ इंटरकॉम लावला, कोणी उचलला नाही. लिफ्टने वर सोडतो म्हटलं तर नको म्हणाले, इथेच बसतो. केबिनमध्ये बसले होते. विचारत होते, दोन दिस कंदील लागला नाय, पोरगा बरा हाय ना? मी म्हटलं, साहेब एकदम बरे आहेत, काल दुपारीच खाली आले होते. तेव्हा उठले. थांबत थांबत गेले, साहेब, रस्ता मीच क्रॉस करून दिला.

एक पिशवी ठेवून गेले होते. वॉचमनची ड्युटी बदलली, दुसऱ्याला सांगायचं राहिलं. पिशवी रात्रभर केबिनमध्ये. निवट्या होत्या. वास सुटला होता, सफाईवाल्याने टाकून दिल्या.

इंटरकॉमबद्दल सोसायटीकडे कंप्लेंट करायची. रिसीव्हर काढून ठेवला तरी रिंग वाजेल अशी काहीतरी सोय हवी.

ऑफिसात काम सुचलं नाही. एसी जास्त होता.

२३ डिसेंबर

बाबा वर का आले नाहीत? लिफ्ट होती. म्हणजे राग गेलेला नाही. हे मी आधीपासून म्हणतोय.

तरी मोठ्या मनाने ठरवलं. पंचवीसला सुट्टी आहे. गावठाणात जाऊन यायचं.

२५ डिसेंबर

रिकाम्या हाताने जाणं बरं दिसत नाही. फोटो घेऊनच जावं. तो आधी नीट यायला हवा. त्यात आज आभाळ स्वच्छ, म्हणजे चेहरा काळा येणार. पुढच्या वेळी.

१ जानेवारी

नवीन वर्षाचे संकल्प.
एक, साखर बंद.
दोन, बाबांकडे संक्रांतीला जायचंच. तिळगूळ घेऊन. त्या दिवशी गोड बोलायची पद्धतच आहे, म्हणजे सुरुवात कोणी करायची हा प्रश्न राहत नाही.

१४ जानेवारी

सोसायटीत हळदीकुंकू, पतंग, भाषण. चेअरमननी माझं नाव आभारप्रदर्शनासाठी टाकलं. नाही म्हणता आलं नाही. तिळगूळ उन्नतीबरोबर पाठवला.

ती परत आली. विचारलं तेव्हा म्हणाली, आजोबा झोपून आहेत. बांधावर जाणं बंद झालंय, दम लागतो. तिळगूळ हातात घेतला आणि तुमचं विचारलं, बाबूस काय करतंय तुजा? कंदील का काढला त्यानं?

लोक स्वतःच्या तब्येतीचं सोडून कंदिलाची चौकशी करतात. बल्ब परत लावला. स्टुलावर चढून. आता दिसेल तिकडून, झोपल्या जागेवरून दिसत असेल तर.

साखर चालू. संक्रांतीपुरती.

१८ जानेवारी, रविवार

कुंदनचा फोन. दादा, डाक्टर बोलतो हार्ट लय कमी चालतंय. हास्पिटलात ठेवून उपेग नाय, घरीच सांभाला बोलतो. तू येऊन जा.

मी विचारलं, ये असं बाबा म्हणाले, का तू म्हणतोयस?  कुंदन म्हणाला, दादा, तो कवा तोंडान बोललाय कोनाला?

हेच. हेच मला म्हणायचं होतं.

शनिवारी जाईन.

२० जानेवारी

बाबा घरात. बाल्कनीतून फक्त पत्रे दिसतात. पत्रे अतिशय स्वच्छ दिसतात, खिळे मोजता येतील. पण कुठल्याही झूमने छपरातून आतला माणूस दिसत नाही. ही टेक्नॉलॉजीची मर्यादा आहे. माझी नाही.

नेटवर सव्वाशे एक्सचा एक कॅमेरा आहे. खिशात मावत नाही, दुधाच्या कॅनसारखा दिसतो. त्यातूनही पत्रेच दिसतील, फक्त मोठे.

२४ जानेवारी, शनिवार

जायला निघालोच होतो. शर्टही बदलला. मग विचार केला, बाबांची अशी अवस्था आणि आपल्याकडे अजून फोटो नाही. समोर गेल्यावर ते तोंड फिरवणार. मग फोटोही गेला आणि भेटही वाया. क्रम महत्त्वाचा. आधी फोटो, मग भेट.

कुंदनला मेसेज केला: उद्या संध्याकाळी पाचला बाबांची खाट ओट्यावर आणता येईल का? तोंड टॉवरकडे. पांढरा शर्ट असला तर बरं.

कुंदनचं लगेच उत्तर आलं: हो दादा आनतो. सोबत हात जोडलेले इमोजी, ओळीने.

एवढं काय त्यात हात जोडण्यासारखं?

२५ जानेवारी, रविवार

आज मोठं यश. तपशील लिहून ठेवतो.

पाचच्या आधीच कुंदनने खाट ओट्यावर आणली. कुंदन आणि त्याची बायको, दोघांनी धरून बाबांना बसवलं, पाठीला उशी. पांढरा शर्ट, इस्त्रीचा. दाढी ताजी केलेली. केस तेल लावून बसवलेले. ओटा पूर्वेला, संध्याकाळी सावलीत, त्यामुळे उजेड चेहऱ्यावर एकसारखा, मऊ. बाजूला एक खुर्ची ठेवली होती. रिकामी. फ्रेममध्ये येत होती, पण म्हटलं कापता येईल.

बाबा सरळ टॉवरकडे बघत होते. सरळ लेन्समध्ये. मी डोळा लावला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. थंडी आहे सध्या.

कुंदनची बायको दोनदा रस्त्यापर्यंत येऊन बघून गेली. चहाचा कप आणून खुर्चीवर ठेवला. मग कप आत नेला. मग परत गरम करून आणला. पाहुणा यायचा होता वाटतं कोणीतरी.

मोबाईल वाजत होता, कुंदनचा. पण माझे दोन्ही हात कॅमेऱ्यावर.

मग कंदील लागला आणि बाबांनी हात वर केला. पुन्हा तेच! पंजा उघडा, बोटं आत वळवलेली. इतका वेळ हात खाली होता आणि नेमका उजेड जायच्या वेळी वर. मी काढत गेलो. हात वर आणि खाली. वर यायला प्रत्येक वेळी जास्त वेळ लागत होता. मग अंधार पडला. बाबांना आत नेलं. खुर्ची ओट्यावरच राहिली.

एक फोटो उत्तम आलाय. चेहऱ्यावर जवळजवळ हसू आहे. हात तेवढा मध्ये. एडिट करता येईल.

अरुणाने ताट वाढलं आणि आत गेली. विचारलं तर म्हणाली, कुंदनचा फोन माझ्याकडे आला होता. ते तुमची वाट बघत होते. बायकांचं असंच, आपण कामाचं सांगावं आणि त्यांनी भलतंच घेऊन बसावं.

तरी उद्या जातोच. फोटो आला ना आता.

२६ जानेवारी

झेंडावंदन. मग एडिटिंगचं ॲप शिकलो. हात पुसला की गालही पुसला जातो.

२८ जानेवारी

ऑफिसात ऑडिट. शुक्रवारी जाऊ.

२९ जानेवारी

सकाळी कुंदनचा फोन. ऑफिसातून परस्पर गेलो.

३० जानेवारी

अग्नी मी दिला. थोरला म्हणून.

ओटा आठवणीतल्यापेक्षा लहान आहे. खुर्ची अजून तिथेच होती. कोणीतरी म्हणालं, बस रे शिवा, दमलास. बसलो नाही.

१ फेब्रुवारी, रविवार

फ्लेक्सचं बघायला कुंदनबरोबर दिघ्याला धम्मपालच्या दुकानात गेलो. आमच्याकडचे सगळे फ्लेक्स तोच करतो, हळदीपासून दहाव्यापर्यंत. फोटो माझ्याकडेच होता. फक्त माझ्याकडे. या घरात पुढचा विचार करणारा मी एकटा, हे आज सिद्ध झालं.

धम्मपालने तो स्क्रीनवर मोठा केला. बाबा एकदम दुकानभर झाले. त्याने विचारलं, हा हात काढू का? अंगाला कोट लावतो, आपल्याकडे तयार आहे, निळा, टायसकट. चेहरा तेवढा बसवायचा. मी म्हटलं, कोट नको, पण हात काढ.

कुंदन म्हणाला, हात ऱ्हावंदे.

म्हटलं, अरे, लोक विचारतील, हा हात कसला. कुंदनने माझ्याकडे बघितलंही नाही, स्क्रीनकडेच बघत होता. म्हणाला, तुलाच बोलवतंय ना तो. रोज बोलवाचा. तिकरं बांधावर जाऊन बसाचा त्याच्यासाठीच. तुमचा कंदील लागला का हात कराचा. घरी येऊन आमाला बोलाचा, थोरला बगत व्हता आज. येल आता. चा टाका.

मी म्हटलं, मग हाक मारायची ना.

कुंदन म्हणाला, नवव्या माल्यावर?

धम्मपाल मध्येच म्हणाला, फोटो लांबून काढलाय का, जरा फाटतोय. मी म्हटलं, असू दे.

हात ठेवला.

३ फेब्रुवारी

फ्लेक्स लागला. गावठाणाच्या तोंडाशी, रस्त्याला लागून. खाली शोकाकुल म्हणून आम्हा सगळ्यांचे छोटे छोटे फोटो, त्यात पहिला माझा, ऑफिसच्या आयकार्डवरचा. वर बाबा, पांढरा शर्ट, हात वर. तोंड टॉवरकडे. दुसरीकडे खांबच नव्हते.

बाल्कनीतून नुसत्या डोळ्यांनी दिसतो. झूम लागत नाही.

कलर धम्मपालने जरा भडक मारलेत.

७ फेब्रुवारी

दहावा झाला. पिंडाला कावळा शिवेना. भटजी म्हणाले, मनात काही राहिलं असेल तर बोला. सगळे माझ्याकडे बघायला लागले.  क्वालिटीत राहून सूचना देता येतात, बाकी जमत नाही. शेवटी म्हटलं, बाबा, येतो. एवढंच. कुठे येतो ते मलाही ठाऊक नाही. भटजींनी दर्भाचा कावळा केला आणि उरकलं.

अरुणाने हॉलचा पडदा लावून ठेवलाय. 

१२ फेब्रुवारी

पालिकेच्या गाडीने रस्त्यालगतचे सगळे फ्लेक्स उतरवले. एका वाढदिवसाचा, एका क्लासचा आणि बाबांचा, एकावर एक गुंडाळून नेले. संध्याकाळी कंदील आपोआप लागला. उन्नती उठली आणि प्लग काढला. मी म्हटलं, राहू दे. तिने परत लावला.

१ मार्च, रविवार

कॅमेरा विकायला काढला. ठेवून करायचं काय? माझे फ्लेमिंगो झाले काढून. नेरूळहून फराज म्हणून एकजण बघायला आला. पक्षी काढतो. डबा, बिल, चार्जर, सगळं व्यवस्थित बघितलं. म्हणाला, झूम चेक करू? बाल्कनीत नेलं. म्हटलं, समोर बांधावर एक दगड आहे, त्याच्यावर कर. स्थिर असतो.

त्याने पूर्ण झूम करून काढला आणि मला स्क्रीन दाखवली. इतके दिवस या कॅमेऱ्याने काढलेला सगळ्यात चांगला फोटो. थरथर नाही, डाग नाही, मध्ये काही नाही. दगडाच्या वरच्या अंगाला बसून बसून झालेली खळगी दिसत होती. बाजूला पडलेली चुन्याची डबीसुद्धा.

फराज खूश झाला. घेतो म्हणाला. मग विचारलं, ते किती लांब असेल इथून?

मी म्हटलं, चालत दहा मिनिटं.